निकाल अडकला असता नेमके काय करावे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेत लिपिक आहे. नोकरी सांभाळून एका मुक्त विद्यापीठातून इतिहास विषयात एम.ए. करीत असून जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचे चारही पेपर दिले. त्यांपैकी तीन पेपरांचे गुण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसतात, चौथ्यासमोरील रकाना मात्र रिकामा आहे आणि खाली अभ्यासक्रम ‘अपूर्ण’ असल्याचा शेरा आहे. अभ्यासकेंद्राकडे चौकशी केली तर ते विद्यापीठाकडे बोट दाखवतात आणि विद्यापीठाला विचारले तर अभ्यासकेंद्रात जाण्यास सांगितले जाते. दरम्यान मी सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेची नेट परीक्षा उत्तीर्ण झालो आहे, परंतु एम.ए.चा निकाल हाती नसल्यामुळे ते यश वाया जाईल अशी धास्ती वाटते. डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली आहे. तो भरावा तर आपण नापास झालो असे आपणच मान्य केल्यासारखे वाटते आणि न भरावा तर पुढचे काय, हे कळत नाही. ‘बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचे असेच असते,’ असे कार्यालयातील सहकारी म्हणतात. मी काय करावे? (कृपया माझे आणि विद्यापीठाचे नाव छापू नये.)

उत्तर : मुदत संपण्यापूर्वी डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरून टाका, बाकीचा विचार त्यानंतर करू. अर्ज भरणे म्हणजे अपयशाची कबुली नव्हे. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, सत्रांत परीक्षा घेणारे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आपल्या विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगते की आधीच्या परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता पुढील परीक्षेचा अर्ज मुदतीत भरावा. पुढील वर्षाच्या फेरनोंदणीलाही तेथे हाच नियम लागू आहे. मधल्या काळात निकाल लागून आपण उत्तीर्ण ठरलात, तर एका पेपरच्या शुल्काचे नुकसान होईल. अर्ज न भरता प्रतिकूल निकाल हाती आला, तर सहा महिने जातील. मुक्त विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचे खरे नुकसान उशिरा लागलेल्या निकालापेक्षा त्या निकालाकडे डोळे लावून बसल्यामुळे हुकलेल्या तारखांनी अधिक होते, असे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून वाटते.

आता त्या रिकाम्या रकान्याकडे वळू. दूरशिक्षणात एका पेपरचा निकाल दोन वेगवेगळ्या वाटांनी येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनुसार सत्रांत परीक्षेला किमान 70 टक्के आणि सत्रातील अंतर्गत मूल्यमापनाला कमाल 30 टक्के भार असतो. हे अंतर्गत मूल्यमापन बहुधा स्वाध्यायांच्या, म्हणजे घरी लिहून द्यावयाच्या उत्तरांच्या, रूपाने होते. उत्तरपत्रिका परीक्षाकेंद्रावरून मूल्यमापनासाठी जाते. स्वाध्याय मात्र आपण अभ्यासकेंद्रात जमा करतो, तेथून तो तपासनिसाकडे जातो, गुणांची नोंद होते, ती विभागीय केंद्रामार्फत मुख्यालयी पोहोचते आणि मगच दोन्ही गुण एका ओळीत येतात. नियमित महाविद्यालयात शिक्षक, हजेरीपट, अंतर्गत गुण आणि परीक्षा विभागाचा कारकून ही सारी मंडळी एकाच आवारात असतात. तेथे एखादा आकडा राहिला तर विद्यार्थी जिना चढून विचारू शकतो. आपल्या बाबतीत हेच काम चार ठिकाणच्या चार माणसांच्या हातून होते आणि कागद कोणत्या हाती थांबला आहे, हे शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर येऊन पडते. हे न्याय्य नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे आणि ती लक्षात घेऊनच विचारणा केली पाहिजे.

‘माझा निकाल कधी लागेल?’ या प्रश्नाला कोणत्याही कार्यालयातून ‘लवकरच’ याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी दोन नेमके प्रश्न लेखी विचारा : या पेपरच्या स्वाध्यायाचे गुण मुख्यालयाकडे पोहोचले आहेत काय, आणि उत्तरपत्रिकेचे गुण नोंदवले गेले आहेत काय? ईमेलमध्ये नावनोंदणी क्रमांक, पेपरचा संकेतांक, परीक्षेचे सत्र, परीक्षाकेंद्राचा क्रमांक, पेपरची तारीख आणि स्वाध्याय जमा केल्याची तारीख लिहा. सोबत प्रवेशपत्राची आणि स्वाध्यायाच्या पोचपावतीची प्रत जोडा. हे एकच पत्र अभ्यासकेंद्राचे समन्वयक, विभागीय केंद्र आणि मुख्यालयातील परीक्षा विभाग या तिघांनाही एकाच वेळी पाठवा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय राहत नाही. फोनवरील आश्वासनाला फारसा अर्थ नसतो. ज्याने ते दिले त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

स्वाध्यायाचे गुण पोहोचलेले नाहीत असे उत्तर आले, तर आपली पोचपावती हाच मुख्य पुरावा ठरेल आणि अभ्यासकेंद्राला नोंदी तपासाव्या लागतील. पोचपावती नसेल किंवा स्वाध्याय सापडतच नसेल, तर तो पुन्हा लिहून देण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी जुने प्रश्न न वापरता चालू सत्राचे प्रश्न घ्यावेत. इग्नूसारख्या विद्यापीठात परीक्षेत मिळालेले उत्तीर्णतेचे गुण अभ्यासक्रमाच्या कमाल मुदतीपर्यंत शाबूत राहतात, त्यामुळे केवळ स्वाध्यायासाठी पुन्हा पेपर द्यावा लागत नाही. उत्तरपत्रिकेचे गुणच आलेले नसतील, तर मात्र थोडा धीर धरावा. मोठी मुक्त विद्यापीठे सर्व विषयांचे निकाल एका दिवशी जाहीर न करता तपासणी होईल तसे टप्प्याटप्प्याने संकेतस्थळावर चढवतात. त्यामुळे तीन पेपर दिसणे आणि चौथा न दिसणे ही गोष्ट एरवी वाटते तितकी अशुभ नाही. ‘अपूर्ण’ हा शेराही नापास झाल्याचा नसतो. सर्व पेपरांचे दोन्ही भाग उत्तीर्ण होईपर्यंत गुणपत्रकावर तो राहतोच.

नेटविषयीची आपली धास्ती अनाठायी आहे, हे आनंदाने सांगतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेल्या किंवा निकालाची प्रतीक्षा करणाऱ्या उमेदवारांना नेट देता येते. नेटच्या निकालाच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत आवश्यक टक्केवारीसह पदव्युत्तर पदवी पूर्ण केली, की त्यांची पात्रता कायम राहते. ही टक्केवारी खुल्या प्रवर्गासाठी 55 आणि राखीव प्रवर्गांसाठी 50 आहे. आपल्याजवळ वेळ आहे. मात्र उरलेल्या पेपरात केवळ उत्तीर्ण होणे पुरेसे नाही, एकूण टक्केवारीही सांभाळावी लागेल. म्हणून डिसेंबरच्या अर्जाबरोबर त्या विषयाचा अभ्यासही सोडू नका.

नोकरी किंवा पुढील प्रवेश निश्चित झालेल्या इतर वाचकांसाठी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला ठराविक तारखेपूर्वी गुणपत्रक सादर करावयाचे असेल, तर प्रवेशाचे किंवा नियुक्तीचे पत्र जोडून आणि जादा शुल्क भरून निकाल लवकर जाहीर करण्याची विनंती इग्नूत करता येते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते आणि बहुतेकांना ती परीक्षा होऊन गेल्यावर, म्हणजे उपयोग उरत नाही तेव्हा, कळते. परीक्षेचा अर्ज भरतानाच तिची माहिती घ्यावी.

‘पंचेचाळीस दिवसांत निकाल लावणे विद्यापीठाला बंधनकारक आहे,’ असे विद्यार्थ्यांमध्ये नेहमी बोलले जाते. हे अर्धसत्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये शेवटच्या पेपरपासून 30 आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत निकाल लावण्याची तरतूद आहे खरी. ती मुंबई, पुणे, शिवाजी अशा विद्यापीठांना आणि त्यामुळे त्यांच्या दूरशिक्षण विभागांनाही लागू होते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मात्र 1989 च्या स्वतःच्या स्वतंत्र कायद्याने चालते आणि इग्नू संसदेच्या 1985 च्या कायद्याने स्थापन झाले आहे. तेव्हा तक्रारीत कायद्याचा हवाला देण्यापूर्वी आपले विद्यापीठ कोणत्या कायद्याखाली येते, ते पाहून घ्यावे. चुकीचे कलम लिहिलेली तक्रार बाजूला सारणे कार्यालयाला फार सोपे जाते. लेखी विचारणेला महिनाभर उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून वरील दोन प्रश्न जसेच्या तसे विचारता येतात. त्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे सार्वजनिक विद्यापीठावर खरोखरच बंधनकारक आहे.

आणि आपल्या सहकाऱ्यांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेल्या मुक्त व दूरशिक्षणातील पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानाव्यात, हे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे. ते परिपत्रक कार्यालयातील सूचनाफलकावर लावण्याचा मोह आवरावा, एवढेच सुचवतो.

प्रश्न : मी मडगावची असून दूरशिक्षणाने बी.कॉम. करते. निकालात एका पेपरसमोर मला ‘गैरहजर’ दाखवले आहे. मी तो पेपर पूर्ण तीन तास बसून लिहिला होता. आता फेरमूल्यांकनाचा अर्ज करावा काय?

उत्तर : नाही, निदान आत्ता तरी नाही. फेरमूल्यांकन हे तपासल्या गेलेल्या उत्तरपत्रिकेचे होते. आपली उत्तरपत्रिका विद्यापीठाच्या लेखी अस्तित्वातच नाही. आपली तक्रार हजेरीच्या नोंदीविषयी आहे. परीक्षाकेंद्रावर आपण ज्या हजेरीपत्रकावर सही केली आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक लिहिला, ते पत्रक तपासण्याची विनंती परीक्षाकेंद्राच्या प्रमुखांना आणि परीक्षा विभागाला लेखी करा. पर्यवेक्षकाची सही असलेले प्रवेशपत्र जवळ असेल तर त्याची प्रत जोडा. नावनोंदणी क्रमांकातील एखादा आकडा उत्तरपत्रिकेवर चुकला असेल, तर तीही शक्यता स्वतःहून पत्रात नमूद करा, कारण अशा उत्तरपत्रिका क्रमांक न जुळल्यामुळे बाजूला पडून राहतात आणि नेमके काय शोधायचे हे कळल्यावर सापडतात.

उत्तरपत्रिका सापडून गुण लागले आणि ते अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले, तर मात्र आधी तिची प्रत मागवावी. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मधील निकालात माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. प्रत पाहिल्यावर फेरमूल्यांकनासाठी पैसे भरण्यात अर्थ आहे की नाही, हे आपले आपल्यालाच ठरवता येईल. परंतु त्या अर्जाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते आणि प्रत येण्यास वेळ लागतो, म्हणून दुरुस्त निकाल ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी प्रतीची मागणी पाठवा.