सिस्टरांना विचारा : आधी बाळंतिणीकडे बघा

(उपजिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती कक्षातून परिसेविका म्हणून निवृत्त झालेल्या सिस्टर या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, मी नुकतीच ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू झाले आहे. रात्री लेबर रूमला मी आणि एक मावशी, एवढ्याच असतो. कधी एकाच वेळी तिघी-चौघी कळा देत असतात. सिनिअर म्हणतात, ओरडल्याशिवाय बाया जोर लावत नाहीत, गोड बोलायला वेळ कुठे आहे? मला ओरडणं जमत नाही आणि न ओरडता काम कसं उरकायचं तेही कळत नाही.
– एक अधिपरिचारिका, मराठवाडा

उत्तर : अगं, जमत नाही ते चांगलंच आहे. ते शिकूच नकोस.

दोघींनी रात्र काढणं काय असतं ते मला ठाऊक आहे. माणसं कमी आहेत हे रिपोर्ट बुकात लिहीत जा आणि अधिसेविकांकडे लेखी मागणी कर. पण ओरडल्याने वेळ वाचतो, हे काही खरं नाही. घाबरलेली बाई मांड्या आवळते, श्वास कोंडून धरते, तपासायला गेलं की कंबर वर उचलते. गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडायच्या आत जोर करत सुटते आणि खऱ्या जोराची वेळ येते तेव्हा तिच्या अंगात त्राण उरत नाही. मग आपण आणखी ओरडतो.

बाई आत आली की तिचं नाव विचार आणि रात्रभर त्याच नावाने हाक मार. ‘ए चार नंबर’ म्हणू नकोस. कळा मोजायला पोटावर हात ठेवावाच लागतो, तर तो हात तिथे असतानाच तिच्याशी बोल. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. पीव्ही, म्हणजे आतली तपासणी, करण्याआधी पडदा ओढ, ‘आता आतून तपासते, कळ ओसरू दे, मग सांग’ असं म्हण आणि खरंच थांब. तपासून झाल्यावर ‘हं’ म्हणून हातमोजे काढून निघून जाऊ नकोस. ‘चार सेंटीमीटर उघडलंय, बाळाचे ठोके चांगले आहेत, अजून वेळ आहे, जरा फेऱ्या मार’ एवढं सांगितलंस की तिची निम्मी भीती जाते. कळांपेक्षा बायांना छळतं ते पुढे काय होणार हे न कळणं. सगळं ठीक असेल तर तिला चालू दे, डाव्या कुशीवर वळू दे, पाणी पिऊ दे, दोन घास खाऊ दे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. पोटावर वरून दाबून बाळ बाहेर ढकलू नये आणि सरसकट प्रत्येकीला बाळाच्या वाटेवर काप देऊ नये, हेही त्यांत लिहिलेलं आहे. कुणी पोट दाबायला पुढे आलं, तर त्या सूचना दाखव.

डोकं दिसायला लागलं की तिच्या कानाशी, हळू आवाजात, ‘आता जोर नको, फुंकर मार’ म्हण. सावकाश आलेल्या डोक्याने फाटतं कमी.

आणि टाके. लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध, टोचून लगेच सुई चालवू नकोस. दोन-तीन मिनिटं थांब, चिमट्याने स्पर्श करून विचार, ‘दुखतंय का?’ ‘हो’ म्हणाली तर आणखी थांब, लागलं तर आणखी औषध दे. बाळंत झाली म्हणजे आता काय दुखणार, असं समजून भूल न लागता टाके घालणारे हात मी पाहिलेत. त्या बाया कळा विसरतात, टाके विसरत नाहीत.

हाताखाली माणसं नाहीत म्हणतेस, पण एक माणूस दाराबाहेरच उभं असतं. सरकारी रुग्णालयात बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत तिच्या घरची एक बाई असू द्यावी, असं केंद्र सरकारने 2016 मध्येच ठरवलं. तिला आत घे, हात धुवायला लाव, कंबर कशी चोळायची, पाणी कधी द्यायचं ते दाखव. मात्र हत्यारांच्या ट्रेला हात लावायचा नाही, हे आधीच बजाव.

‘तेव्हा बरं वाटलं, आता कशाला बोंबलतेस?’ हे वाक्य अजूनही लेबर रूममध्ये ऐकू येतं. तुझ्या तोंडून ते कधीही निघू देऊ नकोस आणि तुझ्यासमोर कुणी बोललं तर मध्ये पड. फुले दांपत्याने 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, असं त्यांना सांगितलं गेलं आणि सावित्रीबाईंनी स्वतः त्यांचं केलं. आपल्या कामाची थोरली परंपरा ही आहे. नवरा कुठाय, कितवं मूल, एवढी पोरं कशाला, हे विचारायचा हक्क कळांच्या वेळी कुणालाही नाही.

शेवटचं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. बाळ रडलं की अख्खी खोली बाळाकडे वळते. तेव्हा तू बाईकडे बघ. आपल्या देशात बाळंतपणात बाया दगावतात त्याचं सर्वांत मोठं कारण रक्तस्राव आहे, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच होतो. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन दिलं, वार पडली, म्हणजे आपलं काम संपलं नाही. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशयाचा गोळा कडक आहे ना ते बघ, पॅड बघ, नाडी आणि बीपी बघ. चादर ओली असेल तर बदल, तिला पांघरूण घाल, बाळ तिच्या उघड्या छातीवर दे. ‘मुलगी झाली’ हे सांगताना आवाज खाली येऊ देऊ नकोस.

प्रश्न : मला आठवा महिना चालू आहे, दुसरी खेप. पहिल्या वेळी दवाखान्यात मला मांडीवर चापट्या मारल्या, घरच्या कुणालाच आत येऊ दिलं नाही. आता तारीख जवळ आली तशी झोप लागत नाही. खासगीत जायला पैसे नाहीत.
– एक गर्भवती, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, जे झालं ते चुकीचं होतं आणि त्यात तुमचा काही दोष नव्हता. आपलंच काही चुकलं असेल, हे आधी मनातून काढा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. येत्या 9 तारखेला जा आणि मागच्या वेळचं सगळं तिथल्या सिस्टरांना किंवा डॉक्टरांना सांगा. ‘पहिल्या बाळंतपणाची भीती आहे, सोबत बाई हवी’ असं तुमच्या कार्डावर लिहून घ्या. लाजू नका. कागदावर लिहिलेलं असलं की ड्यूटी बदलली तरी पुढची सिस्टर ते वाचते. जिथे बाळंत व्हायचं ती खोली एकदा दिवसा बघून या. सोबत कोण येणार ते आत्ताच ठरवा. जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय आणि जी घाबरट नाही अशी जाऊ, बहीण, मावशी कुणीही चालेल. तिला हे पत्र वाचून दाखवा.

पैशांचं म्हणाल, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, तिथलं जेवण, आणायची-सोडायची गाडी, सगळं मोफत. कुणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. गाडीसाठी 102.

प्रश्न : बायको बाळंतपणाला माहेरी सोलापूरला आहे, मी पुण्यात नोकरी करतो. बाळ वीस दिवसांचं झालं. ती फोनवर नुसती रडते. म्हणते, बाळाला माझ्यापेक्षा कुणीही चांगलं सांभाळेल. सासूबाई म्हणतात, ओल्या बाळंतिणीने रडू नये, सव्वा महिना झाला की ठीक होईल.
– एक नवरा, पुणे

उत्तर : दादा, सव्वा महिन्याची वाट बघू नका. आज-उद्याची रजा काढा आणि सोलापूरची गाडी धरा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दूध उतरायच्या सुमारास, बऱ्याच जणींना उगाच रडू येतं. चार दिवसांत ते ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही तेच चालू असेल, तर तो आजार आहे. नाटक नव्हे, नजर नव्हे, आणि तिच्या आईचं चुकलं असंही नव्हे. ‘माझ्यापेक्षा कुणीही चांगलं’ हे तिचं वाक्य मी तुमच्या जागी असते तर फार गंभीरपणे घेतलं असतं.

गेल्यावर उपदेश करू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, ‘जीव नकोसा वाटतो का? बाळाचं काही करावंसं मनात येतं का?’ विचारल्याने असला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग तिला डॉक्टरांकडे न्या. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, त्यामुळे ‘दूध तोडावं लागेल’ या भीतीने थांबू नका. रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडलंय का, तेही तपासून घ्या. रात्री सलग चार-पाच तास तिला झोपू द्या, तेवढा वेळ बाळाचं बाकी सगळं तुम्ही करा. 14416 या टेली मानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येतं. तुम्हीही बोलू शकता.

झोपच येत नाही आणि दमलेलीही दिसत नाही, कानात आवाज येतात, बाळ बदललंय असं काही बोलते, किंवा मरणाच्या गोष्टी करते, असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तोवर तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका.

प्रश्न : नातसून बाळंत झाली आहे. आमच्यात सव्वा महिना खाटेखाली शेगडी, धुरी, पाणी मोजून, डाळ-भाजी बंद. ती ऐकत नाही. काय करावं?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमची माया कळते. तेल लावणं, गरम पाण्याची आंघोळ, डिंकाचे-अळिवाचे लाडू, सव्वा महिना कामाला न लावणं, हे सगळं खुशाल करा. सिझर असेल तर टाक्यांवर तेल नको. पाणी तहान लागेल तितकं द्या, पाजणाऱ्या बाईला जास्तच लागतं. डाळ, पालेभाजी, फळं, चालत असेल तर अंडी-मटण, सगळं ताटात हवं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात, त्या विसरू देऊ नका.

ताप आला, अंगावरून घाण वास यायला लागला, तासाभरात पॅड भिजलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, एकच पोटरी सुजून दुखू लागली, किंवा धाप लागली, तर काढा देत बसू नका, 108 ला फोन करा.

बंद खोलीतल्या कोळशाच्या धुरात विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, म्हणून कळत नाही, आणि आई-बाळ दोघंही झोपेतच दगावू शकतात. शेगडी आजच बाहेर काढा.