फायर फी कोणी ठरवायची?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मध्य फ्लोरिडात राहतो, पण कुठल्याही शहराच्या हद्दीत नाही. सगळा कारभार काउंटीचा. परवा काउंटीचं पत्र आलं. फायर असेसमेंट, म्हणजे अग्निशमन सेवेसाठी घरामागे घेतली जाणारी फी, वर्षाला २४० डॉलरवरून ३१५ वर न्यायचा प्रस्ताव आहे आणि त्यावर पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. आमचे हे म्हणतात, काउंटीच्या निवडून आलेल्या कमिशनरांना आगीतलं काय कळतं, रक्कम फायर चीफनेच ठरवावी. माझं म्हणणं, पैसे आमचे, तर मतदानही आमचंच हवं. कोण बरोबर?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या घरात मी भांडण लावत नाही, पण दोघांचंही मला पटलेलं नाही. मी काउंटीच्या बजेट विभागातून निवृत्त झाले. चीफचा मागणीचा कागद आणि कमिशनरांची कात्री, दोन्ही माझ्याच टेबलावरून जायची.

चीफला आगीतलं कळतं हे खरंच. गाडी पोचायला किती मिनिटं लागतात, कोणत्या स्टेशनवर माणसं कमी आहेत, हे त्यानेच सांगायचं. पण ‘आता पुरे’ असं म्हणणारा चीफ मी पाहिला नाही, आणि तसं म्हणणं त्याचं कामही नव्हे. शिवाय तो नेमलेला माणूस. रक्कम पटली नाही, तर त्याला घरी बसवायला तुमच्या हातात काय आहे?

मतदानाचं म्हणाल, तर वॉशिंग्टन राज्यात फायर डिस्ट्रिक्टला (फक्त अग्निशमन बघणाऱ्या स्थानिक संस्थेला) ‘बेनिफिट चार्ज’ ही तिथली अशीच फी पहिल्यांदा लावायची असेल, तर ६० टक्के मतं लागतात. फी हवी की नको, एवढं ठरवायला ते ठीक. पण दरवर्षीचा दर मतपेटीतून काढायचा म्हटलं, तर पगार कशाच्या भरवशावर द्यायचे? आणि ज्याने त्याने आपापलं ठरवावं म्हटलं, तर काय होतं ते टेनेसीत ओबायन काउंटीत २०१० साली दिसलं. काउंटीची स्वतःची अग्निशमन सेवा नव्हती. साउथ फुल्टन शहराची गाडी बाहेरच्यांना वर्षाला ७५ डॉलर भरले तरच मिळायची. एका घराची फी भरलेली नव्हती. गाडी आली ती फी भरलेल्या शेजाऱ्याचं रान वाचवायला. घर जळू दिलं. त्या जवानांना मी दोष देत नाही. फी ऐच्छिक ठेवायचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता.

म्हणून माझं मत : दर निवडून आलेल्या कमिशननेच ठरवावा, चीफचा हिशेब समोर ठेवून. मात्र कोणत्या घरावर किती भार, ही वाटणी त्यांच्या मर्जीवर सोडू नये. फ्लोरिडाचा कायदा इथे आपल्या बाजूचा आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली लेक काउंटीच्या प्रकरणात फायर असेसमेंट वैध ठरवलं ते दोन कसोट्यांवर : मालमत्तेला खास लाभ हवा आणि वाटणी न्याय्य हवी. मग २००२ साली नॉर्थ लॉडरडेलच्या प्रकरणात सांगितलं, की ॲम्ब्युलन्ससारख्या वैद्यकीय सेवेचा लाभ माणसाला होतो, मालमत्तेला नाही; तो खर्च या फीत घालता येणार नाही. फायर स्टेशनला येणारे बहुतेक फोन वैद्यकीयच असतात. तेव्हा सुनावणीत पहिला प्रश्न हाच विचारा : विभागाच्या खर्चातला वैद्यकीय भाग वेगळा काढलाय का, आणि कोणत्या आकड्यांवरून?

कमिशनरांना ही फी का आवडते, तेही सांगते. काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सला १० मिल्सची (करपात्र किमतीच्या हजार डॉलरमागे १० डॉलरची) मर्यादा आहे, वर होमस्टेडची, म्हणजे स्वतःच्या राहत्या घराची सूट. या फीला दोन्ही लागू नाहीत. त्यामुळे सरसकट रक्कम लावली, की मोबाइल होमवाल्यालाही बंगल्याइतकीच पडू शकते. केप कोरल शहराने सगळ्यांना एक ठरावीक रक्कम आणि त्यावर बांधकामाच्या किमतीनुसार दुसरी, अशी दोन थरांची पद्धत आणली. २०१५ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. तुमची काउंटी तसं का करत नाही, हेही विचारता येईल.

फक्त आगीचंच बघणारी वेगळी निवडून आलेली मंडळं फ्लोरिडात आहेत, कायद्याच्या १९१व्या प्रकरणाखाली. कागदावर उत्तम. पण मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या त्या जागांपर्यंत किती जण पोचतात? मला तरी कमिशनर बरे. त्यांची नावं निदान लोकांना ठाऊक असतात.

आता ते पत्र पुन्हा काढा आणि त्यात ‘मॅक्सिमम रेट’ असे शब्द आहेत का बघा. फी वाढवताना घरोघरी नोटीस पाठवावी लागते, ती आधी मंजूर झालेल्या कमाल दराच्या वर जायचं असेल तेव्हा. आज ३१५ च्या आडून ४५० ची कमाल मंजूर झाली, तर पुढच्या वाढीचं पत्र येईलच असं नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी मेख हीच, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत.

लेखी हरकतीला नोटिशीपासून २० दिवस असतात. हरकत पाठवाच, आणि सुनावणीलाही जा, दोघंही. फी भरायची नाही असा विचार मात्र करू नका; ती नोव्हेंबरच्या टॅक्स बिलातच येते आणि थकली तर घरावर टॅक्स सर्टिफिकेट निघतं, म्हणजे थकबाकीचा बोजा विकला जातो. आणि हो, ही सरसकट रक्कम फेडरल रिटर्नमध्ये प्रॉपर्टी टॅक्स म्हणून वजा करता येत नाही. पूर्ण बिलाचा आकडा टाकत असाल, तर तेवढी कमी करा.