मवाळांच्या मागण्या : परीक्षा, कलेक्टर आणि मीठ

प्रश्न : सनदी सेवेची परीक्षा लंडनप्रमाणे हिंदुस्थानातही घ्यावी, या मागणीवर मवाळांच्या, म्हणजे अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने जाणाऱ्या नेत्यांच्या, हाती असलेल्या सुरुवातीच्या काँग्रेसने इतकी वर्षे का घालवली? नोकऱ्यांचा प्रश्न तर मूठभर सुशिक्षितांचाच होता.

उत्तर : मूठभरांचा, हे मान्य, त्या काळीही हाच आक्षेप घेतला जाई. परीक्षा कागदोपत्री सर्वांना खुली होती, पण ती द्यायची तर घरचा पैसा मोडून समुद्र ओलांडावा लागे. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले आणि पुढे आणखी काही हिंदी तरुण त्या वाटेने गेले. मात्र १८७० नंतरच्या दशकात वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्यात आली, म्हणजे इथल्या मुलाने जेमतेम सतराव्या-अठराव्या वर्षी परक्या देशात जाऊन तिथल्या शाळांतून तयार झालेल्या मुलांशी स्पर्धा करावी! दादाभाई नौरोजींचा मुद्दा याहून खोल होता. इंग्रज अधिकाऱ्याच्या पगारातील शिल्लक आणि निवृत्तीनंतरचे पेन्शन हिंदुस्थानच्या महसुलातून विलायतेला जाई, त्यामुळे त्यांच्या लेखी हा प्रश्न नोकरीचा कमी आणि देशाची संपत्ती बाहेर वाहून जाण्याचा अधिक होता. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेने दोन्हीकडे एकाच वेळी परीक्षा घेण्याचा ठराव संमत केला, पण सरकारने तो गुंडाळून ठेवला. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू झाली ती १९२२ मध्ये.

प्रश्न : न्यायखाते कार्यकारी खात्यापासून वेगळे करा, या मागणीचा सामान्य माणसाशी काय संबंध होता?

उत्तर : माझ्या मते सर्वांत जवळचा. महसूल वसूल करणारा कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट असे, पोलिसांवर देखरेख त्याची, आणि खटला ऐकणारे कनिष्ठ मॅजिस्ट्रेटही त्याच्याच हाताखालचे. म्हणजे आरोप ठेवणारा आणि निवाडा देणारा यांच्यात अंतर असे ते केवळ कागदावर. त्यातच साहेबांचा तंबू दौऱ्यावर हलला की पक्षकार, साक्षीदार आणि वकील यांनी एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पाठोपाठ जायचे, ही त्या काळची नेहमीची तक्रार होती. मुंबई राज्यात या विभागणीचा कायदा व्हायला १९५१ उजाडले.

प्रश्न : एखादी मागणी पदरात पडली का?

उत्तर : मिठावरील कराची पडली, तीही हप्त्याहप्त्याने. १८८८ मध्ये हा कर मणामागे अडीच रुपये करण्यात आला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंदाजपत्रकावरील भाषणांतून सरकारच्याच शिलकी आकड्यांवर बोट ठेवले : तिजोरीत शिल्लक पडते, तर गरिबाच्या मिठावर एवढा कर कशाला? १९०३ मध्ये तो दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. त्याचे सगळे श्रेय गोखल्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण १८९२ च्या कायद्याने कौन्सिलात, म्हणजे सरकारच्या कायदेमंडळात, अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे; हाती शस्त्र होते ते फक्त युक्तिवादाचे, हे विसरू नये.

प्रश्न : मग हे राजकारण ‘भिक्षांदेही’चेच म्हणायचे ना?

उत्तर : भाषा अर्जाची होती, यात वाद नाही. पण १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचा नियम पाहा : सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार देणारे पत्र, आणायचे. भीक मागणारा असे मुखत्यारपत्र घेऊन दारात उभा राहत नाही.