‘ऑफर’ आली, म्हणजे प्रवेश झाला का?

प्रश्न : भाचा न्यू जर्सीत शाळेकडून अमेरिकन फुटबॉल खेळतो. प्रिन्स्टनच्या प्रशिक्षकांनी ‘ऑफर’ दिली म्हणून ताईने पेढे वाटले. प्रवेश पक्का समजायचा का? – एक मामा, सांगली

उत्तर : मामा, अजून नाही. प्रिन्स्टन हे आयव्ही लीग या अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातलं, आणि या आठही विद्यापीठांत खेळाची शिष्यवृत्ती नसते. मदत मिळते ती घरची आर्थिक स्थिती पाहून. प्रशिक्षक फक्त नावाचा आग्रह धरतात, शिक्का प्रवेश कार्यालयाचा. तिथे गुण आधी तपासतात. खरी आनंदाची वस्तू म्हणजे ‘लाइकली लेटर’. ते बारावीच्या वर्षात, १ ऑक्टोबरपासून पुढे येऊ शकतं. अभ्यास ढासळला नाही तर प्रवेश होईल, असं त्यात विद्यापीठच लिहून देतं. मी खेळाडूंच्या या भरतीच्या बातम्या मन लावून वाचते, आणि ‘ऑफर मिळाली’ अशा पोस्टपेक्षा या पत्राला कितीतरी जास्त मानते.

भाच्याला प्रशिक्षकांना थेट विचारू द्या : माझे गुण प्रवेश कार्यालयाने पाहिले का? तुमचा पूर्ण पाठिंबा आहे का? ताईंनी आर्थिक मदतीचा अंदाजही आत्ताच मागावा.

आणि हो, २०२५च्या हंगामापासून आयव्हीचे अमेरिकन फुटबॉल संघ राष्ट्रीय प्लेऑफमध्येही उतरू लागलेत. आम्ही चाहत्यांनी याची फार वाट पाहिली होती!