अलर्ट लावण्याच्या कामात भवितव्य आहे का?

आपले पत्र मिळाले. संगणक अभियांत्रिकीची पदविका घेतलेली आपली मुलगी पुण्यातील एका कंपनीच्या नेटवर्क नियंत्रण कक्षात सहा महिन्यांपासून काम करते, नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या झॅबिक्स या सॉफ्टवेअरमध्ये अलर्ट (बिघाडाचे इशारे) लावणे आणि ते वाजले की वरिष्ठांना कळवणे एवढेच तिच्या वाट्याला येते, म्हणून नोकरी सोडून तिने डेटा सायन्सचा कोर्स करावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तिने निदान वर्ष पूर्ण होईपर्यंत नोकरी सोडू नये. मात्र अलर्ट नुसते पुढे पाठवण्यात हे वर्ष घालवू नये.

लिंकचा, म्हणजे दोन उपकरणांमधील नेटवर्क-जोडणीचा, वापर क्षमतेच्या ८० टक्क्यांवर गेला की अलर्ट द्यावा, हा नियम कोणीही लावू शकतो. परंतु रोज मध्यरात्रीनंतर बॅकअप सुरू होऊन तीच लिंक भरत असेल, तर तो अलर्ट रोज वाजतो आणि लवकरच पाळीवरची मंडळी त्याकडे पाहणे सोडून देतात. अशा वेळी क्षणिक आकड्याऐवजी ५ मिनिटांची सरासरी घेणे, बॅकअपच्या वेळेपुरती निराळी मर्यादा ठेवणे, अलर्ट ८० टक्क्यांना लावला तर तो मिटण्याची अट ७० टक्क्यांना ठेवून त्याची सततची उघडझाप थांबवणे, आणि मुख्य स्विच (उपकरणांना नेटवर्कशी जोडणारे यंत्र) बंद पडल्यास त्यामागच्या सगळ्या उपकरणांचे अलर्ट दाबून एकच यावा अशी डिपेंडन्सी (अलर्टचे परस्परावलंबन) जोडणे, हे खरे कौशल्य आहे. लिंकवरील डेटाची वाहतूक अचानक शून्याजवळ आली तरी अलर्ट हवा, हे तर अनुभवी लोकही विसरतात.

एक बारकावा मुद्दाम लिहितो. एसएनएमपीचा (नेटवर्क उपकरणांतील आकडे वाचण्याच्या प्रमाणित पद्धतीचा) ३२ बिटांचा बाइट-काउंटर, म्हणजे लिंकवरून गेलेले बाइट मोजणारा आकडा, १ गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या लिंकवर सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. तो दर ५ मिनिटांनी वाचला तर आलेख चुकीचा दिसतो आणि त्यावरचा अलर्टही भरवशाचा राहत नाही. तेथे ६४ बिटांचा काउंटरच घ्यावा लागतो. मुलाखतीत एवढे नीट समजावून सांगणाऱ्या उमेदवाराने काम स्वतः केले आहे, याविषयी मला शंका राहत नाही.

तिने वरिष्ठांच्या परवानगीने महिनाभरातील अलर्ट तपासावेत, त्यांपैकी कितींवर प्रत्यक्ष कृती झाली ते मांडावे आणि बदल सुचवावेत. झॅबिक्स मोफत असल्यामुळे घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून सरावही करता येईल. सोबत सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेचा अभ्यास आणि थोडी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पुरेशी आहे. महागड्या कोर्सची फी तूर्त भरू नये. रात्रपाळीबद्दलची आपली काळजी रास्त आहे. घरी सोडण्याची गाडी आणि पाळ्यांची अदलाबदल याविषयी तिने कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा, आणि तो समाधानकारक नसेल तर वर्ष पूर्ण होण्याची वाट न पाहता याच क्षेत्रात दुसरी नोकरी शोधावी.