गोषवाऱ्यातले मथळे नुसते बोल्ड करून चालेल का?

प्रश्न असा आहे, की वर्डमधल्या लेखाचं जॅट्स एक्सएमएल (संशोधन-लेखांसाठीचा ठरलेला टॅगचा साचा) करताना गोषवारा, म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट, एकाच परिच्छेदात ठेवून 'ऑब्जेक्टिव्ह', 'मेथड्स', 'रिझल्ट्स' हे शब्द फक्त बोल्ड केले तर चालेल का.

फाइल व्हॅलिडेट होईल, म्हणजे साच्याच्या नियमांत बसेल, म्हणून चाललं असं वाटेलही. पण बोल्ड म्हणजे जाड अक्षर, बाकी काही नाही. कोणी साधा मजकूर काढून घेतला की जाडपणा गळतो आणि मथळा पुढच्या वाक्याला चिकटतो.

ॲब्स्ट्रॅक्टच्या टॅगमध्ये प्रत्येक भागाला वेगळा 'सेक' (सेक्शनचा टॅग) द्या, त्यात 'टायटल', मग परिच्छेद. टायटलमध्ये कोलन नको. मी सुरुवातीला ठेवायचो. वेबसाइटची स्टाइलशीटही (पान कसं दिसावं हे ठरवणारी फाइल) स्वतःचा कोलन लावायची, त्यामुळे सगळीकडे दोन-दोन!

खरी गोम पुढे आहे. लेखक मथळे मनाला येतील तसे देतात: 'पेशंट्स अँड मेथड्स', 'सेटिंग', 'पार्टिसिपंट्स'. ते सुधारायला जाऊ नका. लेखकाचा शब्द टायटलमध्ये जसाच्या तसा ठेवा आणि तुमचं वर्गीकरण सेक टॅगच्या 'सेक-टाइप' या ॲट्रिब्यूटमध्ये लिहा. दोन भाग एकत्र असतील तर दोन्ही प्रकारांची नावं, मध्ये उभी रेघ (|). पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीच्या एक्सएमएलमध्येही असंच आहे: 'लेबल'मध्ये मूळ शब्द आणि 'एनएलएम-कॅटेगरी'त पार्श्वभूमी, उद्दिष्ट, पद्धती, निकाल, निष्कर्ष यांपैकी एक, नाहीतर 'अनअसाइन्ड'. तिथे कित्येक नोंदींत 'ट्रायल रजिस्ट्रेशन' चक्क पार्श्वभूमीत टाकलेलं दिसतं. नावाचे पाचच खण म्हटल्यावर दुसरं काय होणार! या मथळ्यांचा प्रस्ताव 1987 मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये आला, तोही वैद्यकीय लेखांसाठी. त्यामुळे गणिताच्या लेखाचा गोषवारा ओढूनताणून त्यात बसवू नका. साधा परिच्छेदच बरा.

एचटीएमएलमध्ये गोषवाऱ्याच्या सेक्शनला 'डॉक-ॲब्स्ट्रॅक्ट' हा रोल द्या आणि मथळे खऱ्या हेडिंग टॅगमध्ये ठेवा. स्क्रीन रीडर वापरणारे मथळ्यांवरूनच उड्या मारत वाचतात.

मराठी गोषवारा सोबत देणार असाल तर तो 'ट्रान्स-ॲब्स्ट्रॅक्ट'मध्ये जाईल, भाषेचा कोड 'एमआर'. सेक-टाइप मात्र इंग्रजी गोषवाऱ्यातलेच ठेवा. आपल्याकडे रिझल्ट्सलाही 'निष्कर्ष' म्हणतात आणि कन्क्लूजनलाही. एकाच गोषवाऱ्यात दोनदा 'निष्कर्ष' आलेला मी पाहिला आहे, आणि कुठला कोणता हे तिथे सेक-टाइपवरूनच कळलं.