रिटर्न भरायला सॉफ्टवेअर कोणतं? तुमच्या बाबतीत पैसे टाकायची गरज दिसत नाही

तुमचा प्रश्न मी असा समजलो: पुण्यात नोकरी, मागच्या ऑक्टोबरात कंपनी बदलली, त्यामुळे फॉर्म सोळा (पगार आणि कापलेल्या कराचं कंपनीचं प्रमाणपत्र) दोन. थोडे म्युच्युअल फंड आणि शेअर विकलेत. आजवर सीएंकडे कागद टाकले की काम व्हायचं, यंदा स्वतः भरायचंय. मग आयकर खात्याचं सरकारी पोर्टल पुरेल की पैसे मोजून एखादं खाजगी सॉफ्टवेअर घ्यावं?

मी सीए नाही. साधा नोकरदार आहे, पण गेली काही वर्षं माझं, बायकोचं आणि आईचं रिटर्न मीच भरतो. पोर्टलवरही भरलंय आणि पैसे देऊनही भरलंय. तुमच्यासाठी पोर्टल पुरेल असं मला वाटतं. मात्र तुमची खरी अडचण ते दोन फॉर्म सोळा आहेत आणि ती कुठलंच सॉफ्टवेअर आपणहून सोडवत नाही.

समजा २०२५-२६ मध्ये पहिल्या सहा महिन्यांत नऊ लाख मिळाले, पुढच्या सहा महिन्यांत नव्या कंपनीकडून नऊ. जुनी कंपनी वर्षाचे अठरा लाख धरून टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कापत होती. नवीला तुमचा आधीचा पगार कळवला नसेल, म्हणजे जॉइन होताना तो फॉर्म १२बी भरला नसेल, तर तिच्या हिशेबात तुमची कमाई नऊच लाख. नव्या करप्रणालीत बारा लाखांच्या आत, म्हणून तिने कापला शून्य. प्रत्यक्षात अठरा लाखांतून ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट) वजा केली की १७ लाख २५ हजार उरतात आणि त्यावर सेससकट कर होतो १,५०,८००. त्यातले साधारण निम्मे जुन्या कंपनीने भरलेत. उरलेले पंचाहत्तर हजार तुमच्या खिशातून, वर व्याज. लोक इथे सॉफ्टवेअरला शिव्या घालतात, पण आकडा बरोबर असतो.

सॉफ्टवेअर चुकू शकतं ते दुसऱ्या जागी. दोन्ही फॉर्म सोळांच्या पार्ट बीमध्ये ७५ हजारांची वजावट वेगवेगळी दाखवलेली असते. तुम्ही दोन्हीकडचा शेवटचा, वजावट केलेला आकडा उचलून बेरीज केली तर ती दोनदा मिळते. म्हणून दोन्हीकडून कलम १७(१)खालचा ढोबळ पगार घ्यायचा, वजावट एकदाच होऊ द्यायची. कुठलंही खाजगी सॉफ्टवेअर निवडताना माझी पहिली परीक्षा हीच: दोन फॉर्म सोळा चढवून पाहा, वजावट किती धरली? दीड लाख दिसली तर टॅब बंद करा.

आता शेअर. घेतल्यापासून वर्षभरात विकलेले, म्हणजे अल्प मुदतीचे शेअर असतील तर आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालणार नाही, आयटीआर-२ लागेल. पोर्टलवर तो ऑनलाइन, फुकट भरता येतो. लोक घाबरतात ते कॅपिटल गेनच्या (विक्रीतल्या नफ्याच्या) तक्त्याला, पण तुमचं सगळं ३१ जानेवारी २०१८ नंतर घेतलेलं असेल तर दीर्घ मुदतीच्या शेअर-फंडांसाठी एकेक नाव लिहावं लागत नाही, एकत्रित रक्कम चालते. त्याआधीची जुनी खरेदी असेल तरच प्रत्येक शेअरची त्या दिवशीची किंमत वगैरे भानगड येते. फंडांचं कॅपिटल गेन स्टेटमेंट कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून मिळतं, शेअरचं ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये असतं. दीर्घ मुदतीच्या नफ्यातले पहिले सव्वा लाख करमुक्त, पुढे साडेबारा टक्के. अल्प मुदतीला सरळ वीस.

एका जागी मात्र पोर्टल छळतं. नफा कोणत्या काळात झाला ते फोडून विचारतात: १५ जूनपर्यंत, मग १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च आणि शेवटी १६ ते ३१ मार्च. या पाच खणांची बेरीज वरच्या आकड्याशी जुळली नाही की एरर. लाभांशालाही हेच. पहिल्या वर्षी यात माझा एक रविवार गेला. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये ही फोड बहुधा तयार असते, ती शोधून ठेवा.

व्यवहार शेकड्यांनी असतील, इंट्राडे (त्याच दिवशी खरेदी-विक्री) किंवा एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करत असाल, तर खाजगी सॉफ्टवेअरला पैसे देणं मला पटतं, कारण इंट्राडे-एफ अँड ओला आयटीआर-३ येतो आणि एवढं सगळं हाताने भरणं म्हणजे डोळे फोडून घेणं. क्विको, क्लियरटॅक्स, टॅक्सबडी ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. खातं झेरोधाचं असेल तर क्विकोत व्यवहार थेट ओढता येतात, ती सोय चांगली आहे. विनमॅन, कॉम्प्युटॅक्स ही सीए लोकांची सॉफ्टवेअर, एका रिटर्नसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका. कंपनीने परदेशी पालक कंपनीचे शेअर दिले असतील, पुण्यात हे आता सर्रास आहे, तर मात्र यंदा स्वतः भरायचा हट्ट सोडा. परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात माहिती आर्थिक वर्षाची नाही, जानेवारी ते डिसेंबर अशी द्यावी लागते, आणि तिथे राहिलेली चूक फार महागात पडते. सीएंची फी त्यापुढे काहीच नाही.

माझा अनुभव एका खाजगी सॉफ्टवेअरचा, नाव सांगत नाही. ‘सुरुवात फुकट’ होती. कॅपिटल गेनच्या पानावर पोचलो तेव्हा पैसे मागितले, तोवर तासभर माहिती भरून झालेली. दिले. त्याने एआयएसमधून (आयकर खात्याकडे जमा झालेल्या तुमच्या उत्पन्न-व्यवहारांच्या यादीतून) लाभांश उचलला, मी चढवलेल्या ब्रोकरच्या रिपोर्टमधूनही उचलला, आणि दोन्ही मिळवले. उत्पन्न फुगलं. लाभांश मला तोंडपाठ होता म्हणून लक्षात आलं, नाहीतर गपचूप जास्तीचा कर भरला असता. तेव्हापासून पैसे देण्याआधी करगणनेचं पान पूर्ण दाखवतं का, हे बघतो. नाही दाखवलं तर घेत नाही. आणखी एक, पोर्टलचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. नोंदणीकृत मध्यस्थ असेल तर तो तुम्हाला ओटीपीने ग्राहक म्हणून जोडून घेतो, पासवर्डचं काम पडत नाही. आणि ‘जास्तीत जास्त रिफंड’ अशी जाहिरात दिसली तर मी तिथून उठतो. फॉर्म सोळात नसलेली वजावट कुणी तिऱ्हाईत कुठून आणणार?

एआयएसवरही आंधळा विश्वास नको. आईची एक ठेव गावच्या पतसंस्थेत आहे. त्या व्याजावर टीडीएस कापला जात नाही आणि ते एआयएसमध्ये कधी दिसलेलं नाही. दिसलं नाही म्हणून करपात्र नाही असं थोडंच? पासबुक घेऊन बसावं लागतं. सॉफ्टवेअरला पतसंस्था माहीत नसते.

जुनी की नवी करप्रणाली, हे पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आधी बघून घ्या. पुण्यात घरभाडं मोठं असेल आणि गृहकर्जही असेल, तर जुनी कधी कधी जिंकते. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात तो प्रोफेशनल टॅक्स, वर्षाचे २,५००, तोही जुन्यातच वजा होतो. पण जुनी घ्यायची तर रिटर्न ३१ जुलैच्या मुदतीतच जायला हवं.

एवढं वाचून आज एकच काम करणार असाल तर ते सॉफ्टवेअर शोधायचं नको. दोन्ही फॉर्म सोळा समोर घ्या, वरच्यासारखी बेरीज कागदावर करा आणि कमी पडलेला कर पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून भरून टाका. व्याज १ एप्रिलपासून दरमहा एक टक्का चढतंय. चलन रिटर्नमध्ये आपोआप यायला काही दिवस लागू शकतात, थांबायचं नसेल तर चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक) आणि चलन क्रमांक हाताने टाकता येतो. रिटर्न पाठवल्यावर तीस दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. मी तर ते त्याच बैठकीत उरकतो, कारण एका वर्षी बायकोचं राहून गेलं होतं आणि अठ्ठाविसाव्या दिवशी आठवलं.